घरचा जुना कॉम्प्युटर फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर स्लो झाला की सोलापुरात दोनच सल्ले मिळतात. एक, "फॉरमॅट मारून घ्या." दोन, "आता काढून टाका, नवीन घ्या." फॉरमॅट मारला की चार-सहा महिने बरं चालतं, कारण मशीन रिकामं झालेलं असतं. मग तेच टूलबार, तेच दोन-दोन अँटिव्हायरस, तेच क्रॅक केलेलं (म्हणजे लायसन्स न घेता कुलूप तोडून वापरलेलं) ऑफिस परत येऊन बसतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नवीन घेतला तरी सवयी जुन्याच राहिल्या, तर दोन-तीन वर्षांत तोही रांगायला लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मशीनवर काहीतरी नवीन टाकून ते फास्ट होत नाही, असलेलं काढल्यावर होतं. जे ठेवायचं ते शक्यतो मुक्त सॉफ्टवेअर असावं, म्हणजे फुकट आणि सोर्स कोड खुला असलेलं. त्याची ट्रायल संपत नाही, मध्येच जाहिरात उघडत नाही, आणि क्रॅक शोधत नको त्या साइटवर जावं लागत नाही.

डोळ्यांपुढे धरलाय तो इथल्या घरांत हमखास दिसणारा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. २०१२ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेला, आयथ्री किंवा पेंटियम प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. मुलांचे प्रोजेक्ट, दुकानाचा हिशेब, लाइट बिल भरणं, जत्रेचे व्हिडिओ बघणं एवढंच काम. या कामाला ते मशीन आजही पुरतं. खाली दिलेला क्रम मात्र पाळा. बरेच लोक डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल करायची पायरी आधी करतात आणि फोटो घालवून बसतात.

अडतंय कुठे ते बघा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा आणि 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. मशीन नुकतं चालू केलेलं असताना पाच मिनिटं इथेच बसून आकडे बघायचे, दुसरं काही उघडायचं नाही.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर मात्र १०-२० टक्क्यांवर, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. जुन्या मशीनमध्ये दहातल्या आठ वेळा हेच निघतं असा माझा अंदाज. ब्राउझर उघडल्यावर मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर गेली तर रॅम कमी पडतेय. काहीच उघडलेलं नसताना प्रोसेसर सतत वर असेल तर 'प्रोसेसेस' टॅबमध्ये जाऊन कोण खातंय ते बघा. तिथे अनोळखी नाव सापडलं आणि घरात क्रॅक सॉफ्टवेअर असेल, तर त्या क्रॅकबरोबर आणखी कुणीतरी आत आलंय असं धरून चाला.

याच पानावरून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, रॅमच्या किती खाचांपैकी किती भरल्यात, आणि डिस्क एचडीडी (जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी, जास्त वेगवान). दुकानात गेल्यावर हा कागद कामाला येतो. नाहीतर दुकानदार सांगेल तेच खरं मानावं लागतं.

डिस्क मरायला टेकलीय का

क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याची साधी 'स्टँडर्ड' आवृत्ती घ्या. उघडलं की वर मोठ्या अक्षरांत तब्येत दिसते: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. खालच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळींत शून्याऐवजी काही आकडा दिसला, तर डिस्कच्या काही जागा खराब झाल्यात किंवा होऊ घातल्यात. अशा डिस्कवर साफसफाई, डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं), काहीही करायचं नाही. फक्त फायली बाहेर काढायच्या.

आणि डिस्क ठणठणीत असली तरी फायली बाहेर काढायच्याच. बाहेरची यूएसबी डिस्क लावा आणि फ्रीफाइलसिंक या मुक्त सॉफ्टवेअरने 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डेस्कटॉप' आणि 'डाउनलोड्स' हे फोल्डर तिच्यावर घ्या. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे पर्याय असतात. मिरर म्हणजे मूळ जागेवरून जे उडालं ते कॉपीतूनही उडतं. घरगुती वापराला 'अपडेट' निवडा, ते फक्त भर घालतं. डेस्कटॉपवर फायली ठेवायची सवय आपल्याकडे भारी आहे, आणि फॉरमॅटमध्ये नेमक्या त्याच जातात, कारण डेस्कटॉपसुद्धा सी ड्राइव्हवरच असतो हे कुणाच्या लक्षात नसतं.

ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही या वेळी वहीत किंवा कीपास-एक्ससी या मुक्त पासवर्ड पेटीत उतरवून घ्या. त्या पेटीची फाइल यूएसबी डिस्कवरही ठेवा.

झाकण उघडा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. आत प्रोसेसर आणखी तापलेला असतो, आणि ठरावीक तापमानाच्या वर गेला की तो स्वतःला जळण्यापासून वाचवायला आपणहून वेग कमी करतो. म्हणजे जानेवारीत बरा चालणारा कॉम्प्युटर मे महिन्यात हँग होत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पंखा बघा. पूर्व भागात, अशोक चौक-साखर पेठेच्या बाजूला, घरालगत यंत्रमाग चालत असेल तर हवेत कापसाची बारीक तूस असते. ती प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत गादीसारखी बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही.

डेस्कटॉप असेल तर बंद करा, पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. बाजूचं झाकण काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या. मऊ ब्रशने तूस सोडवा आणि ब्लोअरने उडवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी भरभर फिरू देऊ नका. आतून व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवली की 'बीप बीप' करून चालू न होणारी काही मशीन्स जागी होतात. पाच-सहा वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट कधीच बदलली नसेल तर बदलून घ्या. लॅपटॉप मात्र स्वतः खोलायच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या पट्ट्या नाजूक असतात. आणि लॅपटॉप चादरीवर ठेवून वापरू नका. सोलापुरी चादर जाड असते, खालची हवा पूर्ण बंद होते.

सुरुवातीलाच कोण कोण उठतंय

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' टॅब आहे. मशीन चालू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची ही यादी. एस.टी. लागली की सगळे एकदम दाराशी धावतात आणि कुणालाच आत जाता येत नाही, तसं जुन्या हार्ड डिस्कचं या वेळी होतं. तिची वाचणारी सुई एकच, आणि वीस प्रोग्रॅम तिला एकाच वेळी वीस ठिकाणी पळवतात.

एकेकावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. याने प्रोग्रॅम उडत नाही, हवा तेव्हा उघडता येतो, फक्त स्वतःहून उठत नाही. चॅटची ॲप्स, गेमचे लाँचर, प्रिंटर कंपनीचे 'शाई मागवा' सांगणारे प्रोग्रॅम, पीडीएफ वाचकाचे अपडेटर, ब्राउझरची आधीच उघडून ठेवलेली प्रत, हे सगळे बंद करायला हरकत नाही. ठेवायचे ते विंडोज सिक्युरिटी, आवाजाचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा टचपॅड आणि मराठी टायपिंगसाठी काही वापरत असाल तर ते. नाव ओळखीचं नसेल तर आधी इंटरनेटवर शोधा, मग हात लावा.

आता अँटिव्हायरस. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला, रोज 'तुमचं मशीन धोक्यात आहे' म्हणून घाबरवणारा अँटिव्हायरस असेल तर काढून टाका. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो, घरच्या वापराला तो पुरतो. दोन अँटिव्हायरस ठेवले की दोघंही प्रत्येक फाइल तपासतात, आणि जुन्या डिस्कवर ते लगेच जाणवतं.

काढून टाकायची यादी

बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. नाव गमतीचं आहे, काम चोख आहे. सगळे प्रोग्रॅम एका यादीत दाखवतं, अनेक एकदम काढता येतात आणि मागे उरलेला कचराही शोधून देतं.

सगळ्यात आधी काय जायला हवं? 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'रॅम बूस्टर' असली नावं असलेलं सगळं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून मशीन फास्ट होतं ही जुनी समजूत आहे. रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे मेलेल्या नोंदी काढून काही फरक पडत नाही, चुकीची एक नोंद गेली तर मात्र विंडोज उठत नाही. असल्या क्लीनरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. रॅम बूस्टर तर उघड फसवणूक आहे. भरलेली रॅम विंडोज स्वतः सांभाळतं, बूस्टर ती जबरदस्तीने रिकामी करतो आणि पुढच्या क्षणी तेच सगळं डिस्कवरून पुन्हा वाचावं लागतं.

मग क्रॅक. ऑफिस, फोटोशॉप, गेम, जे काही ॲक्टिव्हेटर चालवून बसवलंय ते काढा. ॲक्टिव्हेटर चालवताना तुम्हीच अँटिव्हायरस बंद केलेला असतो, मग त्याच्याबरोबर काय आलं ते बघणार कोण? याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करायचे असतील तर हा धोका घेण्यासारखा नाही. क्रॅक भरपूर असतील तर एकेक काढत बसण्यात अर्थ नाही. सरळ नवीन इन्स्टॉलेशन करा, खाली लिनक्स मिंट या विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त सिस्टिमचं सांगितलंय तसं.

डिस्क भरलीय का हे बघायला विन-डिर-स्टॅट वापरा. सगळी डिस्क रंगीत चौकोनांत दिसते, मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. गड्ड्याच्या यात्रेचे आणि लग्नांचे तेच ते व्हिडिओ तीन-तीन फोल्डरमध्ये सापडतात. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहील असं बघा. किरकोळ कचऱ्यासाठी ब्लीचबिट ठीक आहे, पण त्यात ब्राउझरच्या 'पासवर्ड्स'वर टिक करू नका, आणि 'फ्री डिस्क स्पेस'वरही नको. तो पर्याय मोकळी जागा पुसत बसतो, तासन्‌तास जातात आणि वेग काही वाढत नाही. डीफ्रॅग विंडोज स्वतःच ठरलेल्या वेळी करतं. एसएसडीला ते लागतच नाही.

ॲनिमेशन बंद करणं, वॉलपेपर काढणं वगैरे करून बघायचं असेल तर करा. फरक थोडाच पडतो.

ब्राउझर, म्हणजे खरा खादाड

आजचा घरगुती कॉम्प्युटर म्हणजे मुख्यतः ब्राउझर. ४ जीबी रॅममध्ये विंडोजचं जाऊन जे उरतं ते पंधरा टॅबमध्ये संपतं. मी फायरफॉक्स सुचवतो, त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं मुक्त एक्स्टेन्शन टाकून. बातम्यांच्या साइट उघडून बघा. बातमी दहा ओळींची असते, बाकी पान जाहिरातींच्या प्रोग्रॅमनी भरलेलं असतं. जाहिराती आल्याच नाहीत तर रॅम वाचते, डेटा वाचतो, आणि 'डाउनलोड' लिहिलेलं खोटं हिरवं बटणही दिसत नाही. क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. क्रोमच सोडवत नसेल तर ती टाका आणि सेटिंग्जमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' चालू ठेवा.

एक्स्टेन्शन एक-दोनच ठेवा. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी, हवामान सांगणारी सगळी काढा.

घराघरांत दिसणारा आणखी एक त्रास म्हणजे उजव्या कोपऱ्यात सारखं येणारं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले'. बहुतेक वेळा हा व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि घरातल्या कुणीतरी 'अलाउ' दाबलं, एवढंच. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'परमिशन्स' खाली 'नोटिफिकेशन्स' उघडा, सगळ्या साइट काढा आणि नवीन विनंत्या रोखण्याच्या चौकटीत टिक करा. त्या खोट्या सूचनेतल्या नंबरवर फोन मात्र कधीच करू नका.

ठेवायचे प्रोग्रॅम

लिब्रेऑफिस. २०१० साली सुरू झालेलं, पत्र लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क. मेनू मराठीतही करता येतात. शाळेत, बँकेत फाइल द्यायची असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन वर्डच्या किंवा एक्सेलच्या प्रकारात सेव्ह करा, आणि नुसतं वाचायला द्यायचं असेल तर थेट पीडीएफ काढा. गुंतागुंतीची मांडणी असलेल्या वर्ड फायली कधीकधी इकडे-तिकडे सरकतात. अर्ज, पत्र, गुणपत्रिका असल्या साध्या कामात अडत नाही. ओपनऑफिस म्हणून जुना भाऊ अजून मिळतो, तो घेऊ नका, त्यात फारशी सुधारणा होत नाही.

मराठीचं एक सांगायला हवं. छपाईच्या दुकानातून आलेली लग्नपत्रिका किंवा संस्थेचं जुनं पत्रक श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल, तर तो फाँट नसलेल्या मशीनवर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं. हा लिब्रेऑफिसचा दोष नाही, वर्डमध्येही तसंच दिसेल. नवीन सगळं युनिकोडमध्ये टाइप करा.

व्हिडिओसाठी व्हीएलसी. कसलीही फाइल चालवतो, वेगळे कोडेक पॅक लागत नाहीत. भारतात २०२२ मध्ये त्याची अधिकृत साइट काही महिने बंद होती, तेव्हा लोक कुठून कुठून डाउनलोड करत होते. तेव्हा घेतलेली प्रत अजून असेल तर काढून अधिकृत साइटवरून नवीन घ्या. पीडीएफसाठी सुमात्रा पीडीएफ: डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो, फक्त वाचायचं काम करतो. झिप-रार उघडायला सेव्हन-झिप. फोटो दुरुस्तीला गिंप, पण पासपोर्ट फोटो कापायला एवढा मोठा प्रोग्रॅम कशाला, विंडोजचं साधं पेंट पुरतं.

कुठलंही सॉफ्टवेअर शोधताना सर्चमधला पहिला निकाल बऱ्याचदा जाहिरात असते, त्याच्या कडेला तसं लिहिलेलंही असतं. तो सोडून प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर जा. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट नेक्स्ट' न मारता प्रत्येक चौकट वाचा. सोबत येणारं काही असेल तर टिक तिथेच काढायची असते.

पैसे घालायचेच असतील तर

वरचं सगळं करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच असेल तर एसएसडी घ्या. जुन्या मशीनवर घातलेल्या पैशाचा इतका परतावा दुसऱ्या कशातच मिळत नाही. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक बारीक बारीक फायली इकडून-तिकडून वाचताना पडतो. हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरेक उड्या जमतात, एसएसडीला हजारो. विंडोज चालू होणं म्हणजे अशाच उड्या.

घरी २४० किंवा २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी पुरते. ती विंडोज किंवा लिनक्ससाठी ठेवा आणि जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर फोटो-व्हिडिओंसाठी आतच राहू द्या. आहे तसं विंडोज उचलून एसएसडीवर न्यायला क्लोनझिला हे मुक्त साधन आहे, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर आधी डिस्कचे विभाग (पार्टिशन) लहान करावे लागतात. सरावाचं नसेल तर नव्याने इन्स्टॉल करणं सोपं.

रॅम ४ वरून ८ जीबी करायची असेल तर मघाचा कागद काढा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि लॅपटॉपची पट्टी वेगळी, आखूड असते. जुनी पट्टीच काढून दुकानात सोबत नेली तर चूक होत नाही.

विंडोज १० चं पुढे काय

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढची बहुतेक मशीन्स अधिकृतपणे त्यात बसत नाहीत. उलटेसुलटे उपाय करून ते बसवता येतं, पण जुन्या हार्ड डिस्कवर ते दहापेक्षाही जड वाटतं.

अशा मशीनसाठी मी लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती सुचवतो. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, खाली डावीकडे विंडोजसारखाच मेनू आहे, आणि नुकतं चालू केल्यावर ते रॅमपैकी १ जीबीच्या आसपास घेतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची आपली बॉस लिनक्सही आहे, पण अडचण आली की इंटरनेटवर उत्तरं मिंटची जास्त सापडतात, म्हणून घरासाठी मिंट.

मात्र आधी तीन गोष्टी तपासा. घरात टॅली चालतं का? ते विंडोजसाठीच आहे, मग मशीनवर विंडोज ठेवावंच लागेल. जीएसटी किंवा इन्कम टॅक्ससाठी डिजिटल सहीचं टोकन वापरता का? मग आधी तुमच्या सीएंना विचारा. प्रिंटर कोणता? एचपीचे बहुतेक सरळ चालतात. कॅननचा एलबीपी २९००, जो इथे दुकानादुकानांत आहे, त्याच्या ड्रायव्हरची पद्धत वेगळी असल्याने लिनक्सवर त्याला बरीच खटपट पडते.

मिंट बसवायची रीत

मिंटच्या साइटवरून एक्सएफसीईची फाइल उतरवा, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. विंडोजमध्ये रूफस हे मुक्त सॉफ्टवेअर उघडा, पेन ड्राइव्ह आणि फाइल निवडा, 'स्टार्ट' दाबा.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर तेही आधी बंद करा, नाहीतर विंडोज नंतर रिकव्हरी की मागत बसेल.

पेन ड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट करा आणि बूट मेनूची की सारखी दाबत राहा: डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं. अजून डिस्कवर काहीही बदललेलं नाही. इथे घाई करू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, यूट्यूब अडकत नाही ना, प्रिंटर सापडतो का, मोबाईल केबलने जोडल्यावर दिसतो का, हे सगळं बघा. पेन ड्राइव्हवरून चालतंय म्हणून थोडं संथ वाटेल, ते सोडून द्या. काही चालत नसेल तर पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, विंडोज जसंच्या तसं आहे.

पटलं तर डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल'वर डबल क्लिक करा. कोडेक टाकू का विचारेल, 'हो' म्हणा. मग महत्त्वाचा पडदा येतो. 'अलाँगसाइड' म्हणजे विंडोजशेजारी, 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून. डिस्क दोन असतील तर कोणती निवडलीय ते तिच्या आकारावरून खात्री करा. एसएसडी नवी आणि रिकामी असेल तर सगळ्यात निर्धोक युक्ती म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची वायर तेवढ्यापुरती काढून ठेवणं. चूक व्हायला जागाच राहत नाही. या वेळी लाइट जायला नको, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस चार्ज असताना करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून.

पहिल्यांदा मिंट चालू झालं की 'वेलकम'ची खिडकी येते. तिच्यातूनच अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफाय किंवा ग्राफिक्ससाठी काही सुचवलंय का बघा, आणि टाइमशिफ्ट लावून ठेवा. टाइमशिफ्ट सिस्टिमची नोंद ठेवतं, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं. तुमचे फोटो मात्र ते सांभाळत नाही, त्यासाठी यूएसबी डिस्कच. कमांड टाइप करायची वेळ सहसा येत नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून सगळं माउसने मिळतं.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड', त्यात 'लेआउट', 'ॲड' करून भारतीय यादीत मराठी शोधा. इनस्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक असे दोन्ही मिळतात. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीचा सरकारी मानक लेआउट, फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करता येतं.

२ जीबी रॅमचं किंवा ३२ बिटचं मशीन असेल तर मिंट नको, अँटिएक्स हे आणखी हलकं लिनक्स बघा. पण खरं सांगायचं तर आजच्या वेबसाइटच इतक्या जड आहेत की २ जीबीवर कुठलीही सिस्टिम टाकली तरी तीन-चार टॅबच्या वर दम लागतोच. असं मशीन टायपिंगला, गाणी ऐकायला किंवा लहान मुलांना जीकॉम्प्रीसारखे शिकण्याचे खेळ खेळायला ठेवावं.

महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर कॉपी, अपडेट आणि स्टार्टअपच्या यादीवर एक नजर एवढंच. उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या झाडलोटीत झाकण उघडून धूळ काढा.

काढलेल्या हार्ड डिस्कचं

एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क बाहेर पडली असेल तर ती तशीच भंगारवाल्याला किंवा दुकानदाराला देऊ नका. तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन, बँकेची पासबुकं, फोटो असतात, आणि 'डिलीट' किंवा झटपट फॉरमॅट केलेल्या फायली परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. यूएसबी केबलने ती मिंटला जोडा, 'डिस्क्स' हा प्रोग्रॅम उघडा, डाव्या यादीतून नेमकी तीच डिस्क निवडा, 'फॉरमॅट डिस्क'मध्ये शून्यांनी पुसण्याचा हळू पर्याय घ्या. ५०० जीबीला दीड-दोन तास तरी लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीला ही रीत लागू पडत नाही. डिस्क आधीच पिवळी किंवा लाल दाखवत असेल आणि पुसताना मध्येच अडत असेल, तर तिच्यात ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा आणि मग भंगारात द्या.